वाचकांचे प्रश्न : रानमोडी कापली, माती मात्र तीच राहिली

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे रानमोडी (क्रोमोलेना हे माजणारे परके झुडपी तण) आणि मातीतील बुरशी यांविषयी आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : सत्तरी तालुक्यात आमची थोडी उताराची जमीन आहे. तेथे माजलेली रानमोडी आम्ही तीन वर्षे दर दिवाळीनंतर कोयत्याने कापून काढतो. मोकळ्या झालेल्या जागेत भिरंड (कोकम), जांभूळ आणि काजू यांची रोपे लावली, परंतु ती खुरटलेलीच आहेत. त्याच रोपवाटिकेतून त्याच दिवशी आणलेली आणि वरच्या अंगाला माट्टीच्या झाडांजवळ लावलेली रोपे मात्र कमरेएवढी झाली. खत आणि पाणी दोन्हीकडे सारखेच दिले होते. असे का व्हावे? (निवृत्त शिक्षक, वाळपई)

उत्तर : आपल्या हातून नकळत एक बऱ्यापैकी प्रयोगच झाला आहे. माट्टीजवळची सावली आणि ओल यांचाही फरकात वाटा असू शकेल; तरीही पहिला संशय मातीवरच घ्यावा लागेल, कारण रानमोडीखालच्या मातीविषयी जे संशोधन झाले आहे ते आपल्या अनुभवाशी जुळणारे आहे.

दिल्ली विद्यापीठातील इंदरजित, अमेरिकेतील रॅगन कॅलावे आणि त्यांच्या सहकारी यांनी 2008 साली पश्चिम घाटातील मातीवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. रानमोडीखालची माती आणि रानमोडीपासून किमान 20 मीटर दूर असलेल्या स्थानिक झाडांखालची माती त्यांनी तपासली, तेव्हा पहिल्या मातीत फ्युझेरियम या रोगकारक बुरशीचे बीजाणू दुसरीपेक्षा पंचवीस पटींहून अधिक आढळले. रानमोडीखालच्या मातीत इतर रोपे खुंटली, पण तीच माती निर्जंतुक करून वापरली तेव्हा हा दुष्परिणाम नाहीसा झाला. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की रानमोडीच्या मुळांतून झिरपणारा अर्क जेव्हा तिचा स्पर्शही न झालेल्या मातीत घातला गेला, तेव्हा त्या मातीतही फ्युझेरियमचे बीजाणू दहा पटींहून अधिक वाढले. म्हणजे ही वनस्पती केवळ ऊन आणि जागा बळकावत नाही, तर इथल्याच मातीतली, इथल्याच रोपांना बाधणारी बुरशी ती आपल्या मुळांशी पोसते.

आता आपल्या कोयत्याकडे येऊ. दिवाळीनंतर कापलेल्या रानमोडीचा बुंधा आणि मुळे जिवंत राहतात; पुढच्या पावसात ती पुन्हा फुटते आणि मुळांतून बुरशीला होणारा पुरवठा चालूच राहतो. वरचे रान गेले, तरी खालची माती होती तशीच राहिली. म्हणून कापण्याऐवजी उपटावे, आणि तेही जून-जुलैमध्ये, जमीन भिजून मऊ झाल्यावर, बुंध्याच्या गाठीसह. दिवाळीच्या सुमारास ती फुलोऱ्यावर येऊ लागते आणि पुढे तिचे केसाळ बी वाऱ्याबरोबर व कपड्यांना चिकटून पसरते, त्यामुळे ती मुदत चुकवू नये. जाळणे हा उपाय नव्हे. आगीनंतर बुंधे फुटतातच, शिवाय सगळे उघडे रान तिलाच मोकळे सापडते.

संशोधनात माती निर्जंतुक केली म्हणून आळ्यातली माती भाजून काढण्याचा विचार कोणी करू नये. तसे केल्यास रोगकारक बुरशीबरोबर रोपाला मदत करणारी बुरशीही मरेल, आणि आपल्या जांभ्या मातीत ती मदत फार मोलाची असते. या आम्लधर्मी मातीतले लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) घट्ट धरून ठेवतात. मूळ आपल्या सभोवतालच्या जेमतेम एक-दोन मिलिमीटर मातीतला स्फुरद उचलते आणि तेवढी माती रिकामी झाली की अडून बसते. मुळात शिरलेल्या सहजीवी बुरशीचे, म्हणजे मायकोरायझाचे, तंतू मात्र त्याच्या कितीतरी पुढे, काही सेंटिमीटरपर्यंत पोहोचतात, तेथून स्फुरद आणून देतात आणि बदल्यात झाडाने पानांत तयार केलेली साखर घेतात.

मी आपल्या जागी असतो, तर रानमोडी उपटल्यावर एक पावसाळा तेथे रोपे लावलीच नसती. नाचणी किंवा चवळी पेरली असती. दोन्ही पिकांच्या मुळांत ही मित्रबुरशी चांगली वाढते आणि पुढच्या रोपांसाठी ती मातीत शिल्लक राहते. मोहरी किंवा मुळा यांचा तसा उपयोग नाही, कारण त्या कुळातील वनस्पती या बुरशीला मुळांत थारा देत नाहीत. पुढच्या वर्षी रोप लावताना आपल्याच माट्टीखालची वरच्या वीतभर थरातली माती, तिच्यातल्या बारीक मुळ्यांसह, ओंजळ-दोन ओंजळ घेऊन रोपाच्या मुळांना लागेल अशी खड्ड्यात घालावी. ज्या झाडाखालून माती घ्यायची ते झाड निरोगी असावे, नाहीतर मातीबरोबर रोगही येईल.

प्रश्न : आमच्या कुळागरात पोफळी आणि मिरवेली आहेत. एका विक्रेत्याने मायकोरायझाची पावडर दिली आणि उत्पन्न दीडपट होईल असे सांगितले. ती बुंध्याभोवती टाकून वर्ष झाले, काहीच फरक नाही. फसवणूक झाली का? (बागायतदार, फोंडा)

उत्तर : दीडपटीचे आश्वासन खोटे होते, असे निःसंकोच म्हणता येईल. पावडर खोटी होती की नाही, हे मात्र एवढ्यावरून ठरत नाही. आपल्या पिकांच्या मुळांत राहणारी ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही. ट्रायकोडर्मा या दुसऱ्या उपयोगी बुरशीप्रमाणे ती नुसत्या पोषक माध्यमावर पिकवता येत नाही. त्यामुळे ती यजमान रोपांच्या किंवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या मुळांच्या आधाराने तयार करावी लागते. तयार माल दुकानाच्या पत्र्याखाली उन्हाळाभर पडून राहिला, तर त्यातले बीजाणू जिवंत असतीलच असे नाही. जैविक खतांमध्ये मायकोरायझाची मानके खत नियंत्रण आदेशात ठरलेली आहेत. तेव्हा प्रति ग्रॅम जिवंत घटकांची संख्या आणि वापरण्याची मुदत ज्या पाकिटावर छापलेली नाही, ते घेऊ नये.

याहून मोठे कारण कदाचित वेगळे असेल. जुन्या कुळागराच्या मातीत ही बुरशी आधीपासून नांदत असते. तेथे पावडर टाकणे म्हणजे विहीर भरलेली असताना घागरीने पाणी आणून ओतणे होय. शिवाय सुपर फॉस्फेट सढळ हाताने दिले जात असेल, तर झाड स्वतःच या बुरशीला मुळांत कमी जागा देते, कारण स्फुरद आयता मिळत असताना ते साखर कशाला खर्च करील? पावडरीचा खरा उपयोग रोपवाटिकेत, पिशवीतल्या रोपाच्या मुळांशी, किंवा वरची माती पूर्ण गेलेल्या खाणींच्या ढिगांवर होतो. गोव्यातील खाणींच्या अशा ढिगांवरील बुरशीचा अभ्यास गोवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात झालेला आहे.

प्रश्न : बुरशीच्या जाळ्यातून झाडे एकमेकांशी बोलतात आणि आई-झाड पिल्लांना अन्न पाठवते, असे वाचले. हे खरे आहे का? (गृहिणी, मडगाव)

उत्तर : मूळ संशोधन खरे आहे, त्याभोवती रचलेली गोष्ट मात्र फार पुढे गेली आहे. सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी 1997 साली कॅनडाच्या जंगलात बर्च आणि डग्लस फर यांच्या रोपांना खुणेचा कार्बन दिला आणि तो एका रोपातून दुसऱ्यात जातो असे दाखवले. पुढे 2023 साली जस्टिन कार्स्ट, मेलानी जोन्स आणि जेसन होक्सेमा यांनी उपलब्ध पुराव्यांची छाननी केली, तेव्हा रानात असे जाळे सर्वदूर असते, त्यातून रोपांना नक्की लाभ होतो किंवा मोठे झाड आपल्याच संततीला झुकते माप देते, या म्हणण्यांना पुरेसा आधार नाही असे त्यांनी मांडले. त्यातही ती थंड प्रदेशातली झाडे मुळांवर बाहेरून आवरण घालणाऱ्या वेगळ्या बुरशीशी सहजीवन करतात. आपल्याकडील भिरंड, काजू, माड यांची बुरशी मुळाच्या पेशींच्या आत शिरणारी आहे, तेव्हा तिकडचे निष्कर्ष जसेच्या तसे इकडे लावता येत नाहीत.

प्रश्न : पावसाळ्यात रोयणीवर (वारुळावर) उगवणारी अळंबी हीच मित्रबुरशी का? (केपे)

उत्तर : नाही. ती टर्मिटोमायसिस ही वाळवीने वारुळात वाढवलेली बुरशी आहे. तिचा करार झाडाशी नसून वाळवीशी आहे. अळंबीसाठी रोयण फोडली, तर पुढच्या वर्षी तेथे अळंबी शोधण्यात अर्थ नाही.

प्रश्न : रानमोडी परकी म्हणून वाईट, तर मग काजू कुठला आपला? (पेडणे)

उत्तर : प्रश्न खोचक आहे आणि योग्यही आहे. काजू सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला. रानमोडीही अमेरिका खंडातलीच. बाहेरून आलेली प्रत्येक वनस्पती उपद्रवी नसते. ती आपणहून पसरून इतरांना हटवते का, हा खरा निकष आहे, आणि ते ठरण्यात मातीचा मोठा हात असतो. उत्तर अमेरिकेत युरोपातून गेलेल्या गार्लिक मस्टर्ड या मोहरीच्या कुळातल्या तणाविषयी 2006 साली दाखवले गेले, की ते मातीतली मित्रबुरशी मारते आणि तिच्यावर विसंबलेली जंगली झाडांची रोपे मग उपाशी पडतात. रानमोडीची तऱ्हा उलटी आहे: मित्राला ती मुळांत थारा देते, पण शत्रूलाही पोसते. पाइनची झाडे तर परक्या मुलुखात कित्येक ठिकाणी आपली बुरशी सोबत येईपर्यंत वाढलीच नाहीत. काजूने इथलीच बुरशी स्वीकारली आणि कोणाचा संसार मोडला नाही. निदान सड्यावर एकसुरी लावलेल्या ऑस्ट्रेलियन अकेशियाइतका तरी नाही. अकेशियाची ती ‘पाने’ म्हणजे खरे तर चपटे झालेले देठ आहेत. ते सावकाश कुजतात आणि त्यांच्या जाड थराखाली इतरांचे बी मातीपर्यंत पोहोचत नाही. हे माझे मत आहे, आणि काजूच्या बाजूने मी थोडा पक्षपाती आहे हे मान्य करतो.

प्रश्न : मुळातली बुरशी शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून दिसेल का? (अकरावीची विद्यार्थिनी, डिचोली)

उत्तर : दिसेल, आणि रंगासाठी दौतीतली शाई पुरेल. कांद्याची किंवा नाचणीची बारीक, जिवंत मुळे स्वच्छ धुऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या 10 टक्के द्रावणात ती पारदर्शक होईपर्यंत गरम करावी. हे द्रावण त्वचा आणि डोळे भाजणारे आहे, म्हणून ही पायरी शिक्षकांनीच करावी. नंतर मुळे चांगली धुऊन, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये 5 टक्के शाई मिसळून त्यात तीन मिनिटे उकळावी आणि व्हिनेगरचे काही थेंब घातलेल्या पाण्यात जास्तीचा रंग उतरू द्यावा. शंभरपट मोठे करून पाहिल्यास पेशींमधून जाणारे रंगीत तंतू आणि त्यांवरचे अंडाकृती फुगे दिसतात. पेशीच्या आत झुडपासारखी फांद्यांनी पसरलेली रचना पाहायला चारशेपट लागते. साखर आणि स्फुरद यांची देवघेव तेथेच होते. सोबत रानमोडीचे एक मूळही अवश्य रंगवून पाहावे. त्यातही हीच मित्रबुरशी दिसेल.