वर पाहणे आणि खाली पाहणे

प्रिय विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

मुलाखतीसाठी तू लिहिलेला इंग्रजी परिचय काल दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडखळलो. मांडीवर सूप घेऊन सकाळपासून बिड्या वळणाऱ्या आईविषयी तू 'आय लुक डाउन ऑन माय मदर' असे लिहिले आहेस. तुला सांगायचा होता आदर. वाचणाऱ्याला मात्र, ही मुलगी आईला तुच्छ लेखते, असे वाटेल. तिथे 'लुक अप टू' हवे.

ही चूक निष्काळजीपणाची आहे असे मी मानत नाही. आपल्याकडे वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवणे ही आदराची रीत आहे आणि मान वर करून बोलणे उद्धटपणाचे ठरते. तोच संस्कार तू इंग्रजीत नेलास. पण या क्रियापदांत पाहणाऱ्याची अदब मोजलेली नसून, समोरच्या माणसाला आपण मनात कोठे बसवले आहे, आपल्याहून उंच की आपल्या पायाशी, एवढेच सांगितलेले असते. तिरस्कार दाखवणारा 'डिस्पाइज' हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदापासून आला, त्याचाही मूळ अर्थ 'खाली पाहणे' असाच आहे.

'लुक डाउन ऑन' म्हणजे द्वेष नव्हे, हेही ध्यानात ठेव. द्वेष आपल्याहून बलवान माणसाचाही करता येतो; येथे मात्र स्वतःला वरचढ समजणे आलेच. तसेच 'रिस्पेक्ट' बरोबरीच्या माणसाविषयी, अगदी प्रतिस्पर्ध्याविषयीही असू शकतो, पण 'लुक अप टू'मध्ये त्या माणसासारखे व्हावे ही ओढ बहुधा असते. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनमध्ये जखमींच्या सेवेला गेले आणि १९४२ साली तेथेच वारले. त्यांच्याविषयी एखादा तरुण डॉक्टर हेच क्रियापद वापरील. त्यातला 'टू' मात्र गाळू नकोस, कारण नुसते 'लुक अप' म्हणजे शब्दकोशात शब्द शोधणेही होते.

वाक्य दुरुस्त केलेस की त्यापुढे एक ओळ वाढव. पान कापताना, तंबाखू भरताना, दोरा गुंडाळताना आईची मान कशी सतत वाकलेली असते, ते तू रोज पाहतेस. तेच साध्या शब्दांत लिही. मुलाखत घेणाऱ्यांना तुझा आदर तेथे दिसेल. रविवारी कागद घेऊन ये, पण त्याआधी ते वाक्य आईला मराठीत वाचून दाखव.