पर्यावरणाची साधी सूचना लावली तरी सोसायटीत राजकारण का सुरू होतं?

'गणपती नदीत विसर्जित करू नका' एवढीच सूचना तुम्ही लिफ्टमध्ये लावलीत आणि ग्रुपवर 'आमचेच सण दिसतात का?' सुरू झालं. हा अडाणीपणा आहे का, असं तुम्ही विचारलंय. अडाणीपणा असता तर सोपं होतं, समजावून मिटला असता.

सूचनेत काय लिहिलंय हे लोक नंतर बघतात. आधी ताडतात की बोलणारा आपल्यातला की त्यांच्यातला. अमेरिकेत २०१३ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना थोडे पैसे देऊन दिवा निवडायला सांगितला. साधा पिवळा दिवा स्वस्त, वीज वाचवणारा सीएफएल महाग. सीएफएलवर कोरं स्टिकर होतं तेव्हा उजव्या विचारांची मंडळीही तो घेत होती. 'पर्यावरण वाचवा' असं स्टिकर लावल्यावर त्यांच्यातले घेणारे घटले. दिवा तोच, किंमत तीच. तिथले उजवे मुळातच पर्यावरणाचे वैरी होते असंही नाही. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था १९७० साली उजव्यांच्या रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याच कारकिर्दीत स्थापन झाली. हा विषय एका पक्षाच्या खात्यावर जमा झाला तो नंतर.

आपल्याकडे उदाहरण गणपतीचंच आहे. डॉ. दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने मूर्तिदानाची, म्हणजे मूर्ती नदीत न सोडता कार्यकर्त्यांकडे द्यायची, मोहीम चालवली तेव्हा हिंदुत्ववादी संघटनांनी तिला कडाडून विरोध केला. आज पुण्यात महापालिका हौद ठेवते, अमोनियम बायकार्बोनेटची पावडर वाटते (पद्धत पाषाणच्या एनसीएलची, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची), आणि मूर्तिदानाचं नाव काढू न देणाऱ्या घरांतही मी बादलीत विसर्जन होताना बघितलंय. पीओपीची मूर्ती ही पावडर घातलेल्या पाण्यात सोडली की बुडबुडे येतात, अमोनियाचा उग्र वास सुटतो, मध्येमध्ये काठीने ढवळावं लागतं. खाली खडूसारखा पांढरा गाळ बसतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उरतं, म्हणजे चक्क खत. नदीचा फायदा दोन्हीकडे तोच. पण दानात आपला बाप्पा दुसऱ्याच्या, तेही देव न मानणाऱ्यांच्या हाती द्यायचा, असं लोकांना वाटायचं. बादलीपाशी आरती आपली, हात आपले.

हे फक्त एका बाजूचं दुखणं समजू नका. २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'एक पेड माँ के नाम' जाहीर केलं तेव्हा माझ्याच ओळखीतल्या पुरोगामी मंडळींनी नाकं मुरडली. रोपट्याचा काय दोष! उलट, नदीकाठची झाडं तोडू नका म्हणणाऱ्यांना दुसऱ्या बाजूचे लोक लगेच विकासविरोधी ठरवून मोकळे होतात. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर मात्र शाखेत जाणारे आणि समाजवादी काका एकाच पायवाटेने फिरतात आणि टेकडीवरून काढायच्या रस्त्याच्या विषयावर त्यांचं बऱ्यापैकी जुळतं, कारण सकाळचं फिरणं दोघांचंही बुडणार असतं.

आकडेवारीने मनं वळतील या भरवशावर राहू नका. विज्ञानाची जाण जास्त असलेल्यांत हवामानबदलावरची राजकीय दरी उलट मोठी दिसते, असं अमेरिकेतल्या २०१२ च्या एका अभ्यासात आढळलं होतं. शिकलेला माणूस आपल्या बाजूचे मुद्दे जास्त सफाईने शोधतो. पुण्यात राहून याचं आश्चर्य वाटू नये.

तेव्हा सूचना बदला. 'प्रदूषण', 'जबाबदार नागरिक' वगैरे काढून टाका. पावडर कुठे मिळेल, बादली केवढी लागेल, निर्माल्य कुठे ठेवायचं, एवढंच लिहा. ज्यांच्या घरी दहा दिवसांचा गणपती असतो अशा एखाद्या आजोबांच्या नावाने ती लावा, अर्थात त्यांना विचारून. तरीही काही जण नदीवर जातील, त्यांच्याशी ग्रुपवर भांडत बसू नका. आणि नगरसेवकाने फ्लेक्स छापून देतो म्हटलं तर हात जोडून नाही म्हणा.