घरी अंडी उबवल्यावर कोंबडे जास्त निघाले तर त्यांचं काय करायचं?

तुम्हाला अंड्यांसाठी कोंबड्या पाळायच्या आहेत, खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली डझनभर अंडी ठेवायची आहेत आणि नर निघाले तर 'देऊन टाकू कुणाला तरी', असं तुम्ही लिहिलंय. हा 'कुणीतरी' कोण, ते अंडी ठेवायच्या आधी ठरवा. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतील, त्यातले साधारण निम्मे नर धरूनच चाला. टोकदार अंड्यातून नर निघतो, हे खरं नाही. इन्क्युबेटरचं तापमान कमीजास्त करूनही फरक पडत नाही. नर की मादी, ते कोंबडीच्या पोटातच ठरलेलं असतं.

आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो, आणि नुसती खायची अंडी हवी असतील तर तोही लागत नाही. जास्त नर ठेवले की ते त्याच त्या कोंबड्यांवर सारखे चढतात. आधी पाठीवरची पिसं तुटतात, मग लालसर कातडी उघडी पडते, तिच्यावर नखांचे ओरखडे उठतात. अशी कोंबडी दाणा टाकला तरी खुराड्याबाहेर येत नाही. मला ते बघवत नाही.

सहा-आठ आठवड्यांत नराचा तुरा मोठा आणि लाल दिसू लागतो. पुढे महिन्याभरात शेपटीच्या बुडाशी लांब, टोकदार, चकचकीत पिसं येतात. मग शंका उरत नाही. तेव्हापासून त्यांना वेगळं ठेवा. एकत्र वाढलेले कोंबडे, कोंबड्या नजरेआड असतील आणि जागा ऐसपैस असेल, तर बहुतेक वेळा गुण्यागोविंदाने राहतात. आरवणं मात्र सगळ्यांचं ऐकावं लागेल, शेजाऱ्यांनाही.

घरात मांसाहार चालत असेल तर चार-पाच महिन्यांचे झाल्यावर कापणं, हा मला प्रामाणिक मार्ग वाटतो. आदल्या रात्री दाणा बंद, पाणी चालू. आणि काम सराईत हातानेच व्हावं. शिकाऊ हाताने जीव हाल होऊन जातो.

कुणाला देणार असाल तर कशासाठी हवाय, ते स्पष्ट विचारा. झुंजीसाठी नेणारेही असतात. रानात सोडून देणं तर नकोच. खुराड्यात वाढलेला पक्षी तिथे कुत्र्यामांजरांच्या तोंडी जातो.

यातलं काहीच जमणार नसेल तर अंडी उबवू नका, वाढवलेल्या तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या, विकत घ्या. खुडूक कोंबडीखालची अंडी रोज काढत राहा.