भात बंद केला आणि मासा बेचव झाला

रात्रीच्या जेवणातली कर्बोदकं कमी करायची ठरवलेली माणसं सल्ल्याला येतात, तेव्हा बऱ्याच जणांची तक्रार एकसारखी असते. ‘मासा चालतो म्हणता, पण कामाच्या दिवशी संध्याकाळी मासा करत कोण बसणार? आणि केलाच, तर भाताशिवाय त्याला चव काय?’ यात दोन तक्रारी एकमेकींत अडकलेल्या आहेत, एक वेळेची आणि एक चवीची. त्या सुट्या केल्याशिवाय पाककृतींचा कागद हातात देण्यात अर्थ नसतो. तो कागद फ्रीजच्या दारावर चिकटतो आणि तिथेच राहतो.

असेच माझ्याकडे आलेले हे गृहस्थ पंचेचाळिशीतले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) हिशेबाचं बैठं काम. पत्नीची नोकरी पाळ्यांची, त्यामुळे बऱ्याच संध्याकाळी स्वयंपाकघर त्यांच्या आणि शाळकरी मुलीच्या ताब्यात. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ६.२ टक्के आलेलं. ५.७ ते ६.४ हा मधुमेहपूर्व अवस्थेचा पट्टा, त्यात ते बसत होते. औषध सुरू नव्हतं. डॉक्टरांनी चालायला आणि रात्रीचं पिष्टमय खाणं कमी करायला सांगितलं होतं.

‘मॅडम, मासा म्हणजे रविवारचं काम,’ ते आल्या आल्याच म्हणाले. ‘मी आठवड्यात दोन-तीनदा करून पाहिलं. जमत नाही. खरं सांगायचं तर माझ्यात निग्रहच नाही.’

निग्रह हा शब्द मी वहीत लिहून घेत नाही. आदल्या रात्री नेमकं काय काय झालं, ते घड्याळासकट सांगा म्हटलं.

साडेसातला घरी. फ्रीजरमधून माशाचे तुकडे काढून पाण्याच्या भांड्यात टाकले. सुटायला पाऊण तास. मग मीठ, लिंबू आणि मसाला चोळून तासभर मुरवत ठेवले. मग पातळ रश्श्यात वीस-पंचवीस मिनिटं उकळले. दहाला जेवण. ताटात दोन तुकडे, वाटीभर रस्सा, काकडीच्या चार चकत्या. मुलीने भाताबरोबर खाल्लं, यांनी नुसतं. अकराला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पाच बिस्किटं.

पाच साध्या बिस्किटांत साधारण तीस ग्रॅम कर्बोदकं येतात. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात २८. म्हणजे भात ताटातून गेला आणि तासाभराने दुसऱ्या दाराने घरात आला. यात निग्रहाचा प्रश्न कुठे आहे? दहापर्यंत उपाशी राहिलेला माणूस, आणि ताटात भाजी जवळजवळ नाही, स्निग्धांश नावापुरता. शंभर ग्रॅम माशातून वीसेक ग्रॅम प्रथिनं मिळतात, तेवढी बाजू भक्कम होती. पण पोट भरल्यासारखं वाटायला प्रथिनांच्या जोडीला चोथा आणि थोडं तेल-तूपही लागतं. काकडीच्या चार चकत्यांनी ते भागत नाही.

आधी वेळेचं बघितलं. या गृहस्थांनी मासा मटणासारखा वागवला होता, आणि हे फार जण करतात. जनावराच्या मांसात चिवट संयोजी ऊती (स्नायूंना बांधून ठेवणारे धागे-पडदे) भरपूर असतात, त्या मऊ पडायला मुरवणं लागतं, लांब शिजवणं लागतं. माशाचे स्नायू आखूड पडद्यापडद्यांनी रचलेले असतात, मधल्या ऊती पातळ, आणि त्यांतलं कोलॅजेन नावाचं प्रथिन मांसापेक्षा कमी तापमानाला विरघळतं. म्हणून मासा पाकळ्यापाकळ्यांनी सुटतो. आतलं तापमान ६३ अंश सेल्सिअसला पोचलं की तो शिजला. त्यापुढे स्नायू आकसत जातात, आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात आणि राहतो तो कोरडा भुसा. अडीच सेंटीमीटर जाडीला आठ ते दहा मिनिटं हा ढोबळ हिशेब. पातळ तुकडा चार-पाच मिनिटांतही होतो. वीस-पंचवीस मिनिटं उकळल्यावर कुठलाच मसाला त्याला वाचवू शकत नाही.

लिंबाचंही तेच. आम्लामुळे माशातली प्रथिनं आकसतात, मांस पांढरट आणि घट्ट होतं, जवळजवळ शिजल्यासारखं. तासभर लिंबात ठेवलेला मासा तव्यावर पडण्याआधीच अर्धा बिघडलेला असतो. मीठ दहा-पंधरा मिनिटं आधी, लिंबू गॅस बंद केल्यावर. ‘म्हणजे मुरवायचंच नाही?’ त्यांचा चेहरा जरा पडला. मुरवणं हा त्यांच्या दृष्टीने स्वयंपाकातला प्रेमाचा भाग होता. ते प्रेम सुट्टीच्या दिवसासाठी राखून ठेवा, म्हटलं.

उरला फ्रीजर. सकाळी निघताना तुकडे फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात, डब्यात ठेवून द्यायचे. संध्याकाळी सुटलेले असतात. ओट्यावर दिवसभर उघडे ठेवायचे नाहीत. विसरलात, तर घट्ट बंद पिशवीत घालून ती पिशवी गार पाण्यात बुडवायची, पातळ तुकडे अर्ध्या तासात सुटतात, आणि मग लगेच शिजवायचे. नुसतेच पाण्यात टाकले तर चव पाण्यात जाते आणि तुकडा स्पंजासारखा होतो. हवाबंद पाकिटातला मासा असेल तर सुटायला ठेवण्याआधी पाकीट उघडायचं. ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या घातक जिवाणूंना थंडीतही संधी मिळू शकते, म्हणून ही काळजी.

आता चवीची गोष्ट. माझ्या मते खरी गाठ इथे असते, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

त्यांचा रस्सा वाईट नव्हता. तो भातासाठी केलेला होता. पातळ रश्श्यातलं मीठ, तिखट आणि आंबट हे सगळं बेचव भाताचे तीन-चार घास गृहीत धरून घातलेलं असतं. भात काढला की तोच रस्सा जिभेला झोंबतो. त्यांनीही मग मीठ-तिखट कमी केलं होतं, आणि रस्सा मिळमिळीत झाला होता. वर मसाला सगळा पाण्यात आणि मासा आतून कोराच. जुन्या ताटातून एक वस्तू वजा करून नवं ताट तयार होत नाही. भात नसेल, तर चव माशाच्या अंगाला चिकटून राहायला हवी, वाहून जाणारी नको.

त्यासाठी दोनच गोष्टी लागतात, वरून खरपूस भाजलेला पापुद्रा आणि चमच्याला लपेटणारा घट्ट रस.

पापुद्र्याचं रहस्य कोरडेपणात आहे. ओल्या तुकड्याची सगळी उष्णता पाणी उडवण्यात जाते आणि पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही. खमंग तपकिरी रंग येणारी प्रक्रिया १४० अंशांच्या आसपास वेग घेते. म्हणून मीठ लावून ठेवलेला तुकडा तव्यात सोडण्याआधी कागदी रुमालाने दोन्ही बाजूंनी दाबून टिपायचा. पॅन आधी तापवायचा, मग तेल, मग मासा, साल असेल तर सालीची बाजू खाली. पहिले काही क्षण उलथन्याने हलकं दाबून धरायचं, नाहीतर साल आकसून तुकडा वाकतो. मग हात मागे. तीन-चार मिनिटं अजिबात हलवायचं नाही. मासा पॅनला चिकटतो ही तक्रार बहुतेक वेळा घाईची असते, पापुद्रा तयार झाला की तुकडा आपोआप सुटतो. कडेने बघत राहायचं. खालून वर चढणारा पांढरा, अपारदर्शक पट्टा दोन तृतीयांश उंचीवर आला की उलटायचा. दुसरी बाजू एक-दोन मिनिटं. आच मंद करून आता लोणी आणि ठेचलेला लसूण. दोन्ही आधी घातले तर करपतात. वितळलेलं लोणी चमच्याने माशावर ओतत राहायचं, मिरपूड, गॅस बंद, लिंबू, मूठभर चिरलेली कोथिंबीर किंवा शेपू.

भाजी त्याच पॅनमध्ये, माशाच्या आधी. फरसबी, कोबी, ब्रोकोली, ढोबळी मिरची, जे असेल ते मोठ्या आचेवर परतायचं, झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ द्यायची आणि ताटात काढून ठेवायचं. भाजी चिरताना मीठ लावलेला मासा शेजारी बसलेला असतोच. म्हणजे वाट बघण्यात वेगळा वेळ जात नाही. ओव्हन असेल तर आणखी सोपं: २०० अंशांवर तेल-मीठ लावलेली भाजी पंधरा मिनिटं, मग त्याच ट्रेमध्ये मासा ठेवून आणखी दहा-बारा.

कर्बोदकांचा हिशेब त्यांच्यासमोर मांडला, कारण हिशेबाच्या माणसाला आकडा दिसला की धीर येतो. माशात जवळजवळ शून्य. दोनशे ग्रॅम फरसबीत चौदाच्या आसपास, त्याऐवजी तेवढाच फ्लॉवर घेतला तर दहा. लसूण-लिंबाचे एक-दोन. सगळं मिळून वीसच्या आत. दिवसभरात १३० ग्रॅमच्या आत राहणं याला साधारणपणे कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात, त्यामुळे सकाळ-दुपारसाठी भरपूर जागा उरते. कीटो या अतिकमी कर्बोदकांच्या आहारासारखं दिवसाला वीस ते पन्नास ग्रॅमवर उतरायची त्यांना गरज नव्हती. मीही सुचवलं नाही.

पुढच्या भेटीला आले तेव्हा मूड बरा होता. जेवण साडेआठच्या आत होत होतं. पण रस्सा आठवतो म्हणाले. ‘लोणी-लसूण छान आहे हो, पण ते परक्याच्या घरी जेवल्यासारखं वाटतं.’ मला हे वाक्य आवडलं. माणसाला आपली चव हवी असते आणि ती तोडून आहार टिकत नाही. मग उपाय असा काढला की मासा बाजूला काढल्यावर त्याच पॅनमध्ये आलं, लसूण आणि त्यांचा नेहमीचा मसाला तेलात परतायचा, अर्धा कप नारळाचं घट्ट दूध घालायचं आणि तीन-चार मिनिटं आटवायचं. चमचा बुडवून मागच्या बाजूने बोट फिरवलं की रेघ टिकून राहायला हवी. तो रस माशावर. पिठाची गरज नाही. नारळाच्या बिनसाखरेच्या दुधात अर्ध्या कपाला तीनेक ग्रॅम कर्बोदकं, फार तर चार. घट्ट दही आणि मोहरीची पेस्ट, किंवा टोमॅटो आटवून त्यात लसूण आणि ऑलिव्ह, असंही करता येतं. दही घालायचं ते गॅस बंद करून, नाहीतर फुटतं.

मुलीचा प्रश्नही त्यातच सुटला. तिच्यासाठी वेगळं काही करायचं नाही. मासा, भाजी, रस तोच, फक्त तिच्या ताटात भात. घरात एकाच्या आहारासाठी दोन स्वयंपाक सुरू झाले की तो आहार महिनाभरही चालत नाही, हे मी फार घरांत पाहिलंय.

एक बारीक गळती मात्र सापडली. कुरकुरीतपणासाठी ते तुकडे कॉर्नफ्लोरमध्ये घोळवत होते आणि वरून बाटलीतला गोड तिखट सॉस. कॉर्नफ्लोर म्हणजे नव्वद टक्के पिष्ट, एका मोठ्या चमच्यात सात ग्रॅम. सॉसमधली साखर वेगळी. बंदी घालायचं कारण नव्हतं. टिपून कोरडा केलेला तुकडा पिठाशिवाय किती कुरकुरीत होतो हे एकदा करून बघा एवढंच म्हटलं. बाजारातले पाव-चुरा लावलेले गोठवलेले तुकडे मात्र ‘मासाच तर आहे’ म्हणून खाऊ नयेत. त्यांच्यात शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं सहज असतात. पाकिटाच्या मागचा तक्ता वाचायचा.

वासाबद्दलही त्यांनी विचारलं, मुलगी नाक मुरडते म्हणून. समुद्री मासा शिळा होऊ लागला की जिवाणू त्यातल्या एका घटकापासून ट्रायमिथिलअमाइन तयार करतात, तोच तो वास. ताज्या किंवा नीट गोठवलेल्या माशाला तो फारसा नसतो. लिंबातलं आम्ल त्या अमाइनला बांधून ठेवतं, म्हणून शेवटी पिळलेल्या लिंबाने वास उतरतो. पॅन लगेच धुवायचा आणि माशाची कागदं घरातल्या कचऱ्यात रात्रभर ठेवायची नाहीत. उग्र वास आधीपासूनच येत असेल, तर लिंबाने झाकू नका, टाकून द्या.

हे वाचून कुणी आजपासून रात्रीचा भात बंद करणार असेल, तर एक गोष्ट आधी बघा. या गृहस्थांना औषध नव्हतं, म्हणून मी मोकळेपणाने बोलू शकले. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना कर्बोदकं एकदम कमी केली तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या मधुमेहाच्या औषधांबरोबर कर्बोदकं अगदीच तोडली तर कीटोअ‍ॅसिडोसिसचा, म्हणजे रक्तात आम्लं घातक प्रमाणात साठण्याचा, धोका असतो. मात्रा डॉक्टरांनी बदलायची, आपण नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाणही आधी विचारून घ्यायचं. गरोदर बाईने शार्क, तलवार मासा असे मोठे शिकारी मासे टाळावेत, त्यांत पारा साठलेला असतो. बांगडा जातीतले लहान मासे, सार्डिन, सॅमन हे त्या मानाने सुरक्षित, आणि ओमेगा-३ त्यांत भरपूर.

बिस्किटांचं काय झालं, असं मी शेवटच्या भेटीत विचारलं. कधीतरी खातो म्हणाले, मुलीबरोबर, चहासोबत, बसून. मग त्यांनी त्यांचा नवा प्रश्न काढला: उरलेला मासा दुसऱ्या दिवशी डब्यात नेला तर चालेल का, गरम केला की रबर होतो. गरम करू नका, म्हटलं. रात्री जेवण झाल्या झाल्या फ्रीजमध्ये ठेवायचा, सकाळी पाकळ्या सोडवून कोबी-काकडीच्या कोशिंबिरीत दह्याबरोबर मिसळायचा आणि डब्याशेजारी बर्फाची थैली ठेवायची. ऑफिसात फ्रीज आहे का? आहे म्हणाले. मग थैलीही नको.