ड्रॉप्सने बरा होतो, थांबवले की पुन्हा चिघळतो: कुत्र्याच्या कानाचं मूळ कारण शोधा

तुमच्या लॅब्रॅडोरचा कान वर्षात तिसऱ्यांदा बिघडला आणि आंघोळीचं पाणी जातं म्हणून असं होतं का, असं तुम्ही विचारलंय. ओलाव्याने भर पडते हे खरं, पण नुसत्या आंघोळीने सहसा असा पुन्हा पुन्हा त्रास होत नाही.

यीस्ट (एक प्रकारची बुरशी) आणि जिवाणू निरोगी कानातही थोडेफार असतात. आतली त्वचा सुजली की त्यांना रान मोकळं मिळतं. ड्रॉप्स त्यांना मारतात, सूजही उतरवतात, पण सूज ज्यामुळे आली ते तसंच राहतं. वारंवार उलटणाऱ्या दुखण्यामागे बहुतेकदा अ‍ॅलर्जी निघते, आणि लॅब्रॅडोरमध्ये ती बरीच दिसते. म्हणून कान बाजूला ठेवून आधी बाकीचं अंग बघा. पंजे सतत चाटतो का? बोटांमधले केस लाळेने तांबूस झालेत का? काखा, जांघा लाल आहेत? ठरावीक ऋतूतच त्रास होत असेल तर परागकणांचा संशय घ्यावा. बारा महिने असेल तर धुळीतले माइट्स (अगदी बारीक किडे) किंवा खाणं. खाण्याची खात्री करायची तर व्हेटने ठरवून दिलेला आहार किमान 8 आठवडे काटेकोर पाळावा लागतो. मधेच दिलेलं एक बिस्किटसुद्धा सगळं फुकट घालवतं.

एकच कान, तोही फिरून आल्यावर अचानक दुखायला लागला, तर गवताचं कुसळ आठवा. त्याची टोकं उलटी असल्याने ते आतच सरकत जातं. कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते, त्यामुळे बाहेरून ते दिसत नाही. पिल्लाच्या कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट मळ असेल तर कानातले माइट्स असू शकतात. मग घरातल्या मांजरावरही उपचार करावे लागतात. म्हाताऱ्या कुत्र्यात थायरॉईड आणि नळीतली गाठही तपासून घ्यावी.

व्हेटकडे मळाचा नमुना मायक्रोस्कोपखाली बघायला सांगा. ड्रॉप्सआधी पडदा शाबूत आहे ना, हेही बघून घ्या. पडदा फाटलेला असताना काही औषधांनी कुत्रा बहिरा होऊ शकतो, म्हणून मागच्या वेळची उरलेली बाटली परस्पर वापरू नका. वास गेला म्हणून औषध मधेच थांबवू नका. नमुना पुन्हा तपासून मगच बंद करा.

इअर बड, पेरॉक्साइड, व्हिनेगर, तेल यातलं काहीही कानात नको. व्हेटने दिलेलं क्लीनर नळी भरेल इतकं घाला, कानाच्या मुळाशी हलक्या हाताने चोळा, त्याला डोकं झटकू द्या आणि वर आलेला मळ कापसाने टिपा. चोळताना कळवळला तर तिथेच थांबा.

मान एका बाजूला कलली, चालताना तोल जायला लागला किंवा कानाची पाळी फुगून मऊ लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.