आजी मला धोंडू का म्हणते

प्रिय चिमू,

रविवारी ठाण्याच्या आजीचा फोन ठेवल्यावर तू मला विचारलेस, "बाबा, धोंडू म्हणजे दगड ना? मग तू आजीला नको होतास का?" मी विषय बदलून तुला झोपायला पाठवले, ते माझे चुकले. प्रश्न मनाला फार लागला होता आणि त्या क्षणी मला बोलता आले नसते, म्हणून आता लिहितो आहे.

मी चौथीत असताना एकदा डबा घरीच विसरलो. आजी नौपाड्यातून चालत शाळेत आली आणि मधल्या सुट्टीत मुलांनी भरलेल्या मैदानापलीकडून तिने "धोंडू" अशी मोठ्याने हाक मारली. त्यानंतर आठवडाभर रोज सकाळी माझ्या बाकावर कोणीतरी एक दगड ठेवलेला असे. तो मी गुपचूप दप्तरात टाकत असे आणि शाळा सुटल्यावर तलावपाळीला जाऊन पाण्यात सोडत असे. शेवटी मी आजीला बजावले की, मला त्या नावाने पुन्हा हाक मारायची नाही. तिने कारण विचारले नाही. मात्र पुढे कित्येक महिने तिने मला कोणत्याच नावाने हाक मारली नाही; "अरे, पान वाढलंय," एवढेच ती म्हणे. बारशाला आत्याने माझ्या कानात सांगितलेले नाव तिच्या तोंडी कधी बसलेच नाही.

सातवीत असताना आत्याने मला सांगितले की, माझ्याआधी आजीची दोन बाळे दगावली होती. अशा घरात पुढच्या मुलाचे नाव मुद्दाम धोंडू, दगडू, केरू असे ठेवत, म्हणजे त्याला दृष्ट लागणार नाही आणि काळालाही ते उचलून न्यावेसे वाटणार नाही. नावामुळे मी वाचलो असे मी मानत नाही. पण दोनदा पाळणा रिकामा झालेल्या बाईला तिसऱ्या वेळी मुलाला लाडाच्या नावाने हाक मारण्याचीही भीती वाटावी, हे मला कळते. त्या दिवसापासून मी पुन्हा धोंडू झालो.

मे महिन्यात भावंडांबरोबर 'टाइमपास' पाहताना नायकाचे नाव दगडू आहे म्हणून तुम्ही सगळी हसलात, त्याचा मला राग नाही. फक्त एवढे लक्षात ठेव की, ज्यांनी मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले आणि ज्यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले, त्या महर्षी कर्वे यांचे नाव धोंडो होते. तलावपाळीवरच्या ज्या गडकरी रंगायतनात आपण बालनाट्य पाहिले, ते ज्यांच्या नावाने उभे आहे ते राम गणेश गडकरी कविता 'गोविंदाग्रज' या नावाने आणि विनोदी लेख 'बाळकराम' या नावाने लिहीत. गोविंद हा त्यांचा धाकटा भाऊ. शिरवाडकरही कुसुम या बहिणीचे थोरले भाऊ म्हणून 'कुसुमाग्रज' झाले. आपण कोणाचे आहोत हे सांगणारे नाव एवढ्या मोठ्या माणसांना हवेसे वाटले, आणि माझ्या धोंडू या नावातही मला तेच ऐकू येते.

तरीही या चालीची सगळी बाजू मी घेणार नाही. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून तिचे नाव 'नकुशी' ठेवणारी घरेही आपल्याकडेच होती; २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. तुझा प्रश्न त्या मुलींनी विचारला असता, तर त्यांना खरे उत्तर 'हो' असेच द्यावे लागले असते, आणि तू माझी मुलगी असल्यामुळे मला ते तुझ्यापासून लपवावेसे वाटत नाही.

तू मला त्या नावाने हाक मारावीस किंवा ते तुला आवडावे, असा माझा आग्रह नाही. त्या दोन बाळांविषयी आजी माझ्याशी कधीच बोललेली नाही. तुला तिला विचारायचे असेल, तर फोनवर विचारू नकोस. दिवाळीत ठाण्याला गेलो की, दुपारी ती खिडकीपाशी वाती वळत बसते तेव्हा तिच्याजवळ बस आणि मग विचार.

तुझा,
बाबा