इतिहास मुलांना समजलाय की नुसता पाठ झालाय, हे शिक्षकाने कसं ओळखावं?

सामाजिक शास्त्रांत मूल्यमापनाच्या कोणत्या पद्धती वापराव्यात, असंही तुम्ही विचारलंय. पद्धतींची यादी प्रशिक्षणाच्या कुठल्याही नोट्समध्ये मिळेल. मी फक्त एका प्रश्नाबद्दल लिहिते. तो मी काढला होता आणि माझ्याच प्रश्नपत्रिकेतून तो खोडला गेला.

आठवीला फ्रेंच राज्यक्रांती शिकवून झाली होती. चाचणीत नेहमीचंच, कारणे लिहा. एका मुलीने पाच मुद्दे लिहिले, पाचही अधोरेखित. पाचपैकी पाच. तिच्या मागच्या बाकावरच्या मुलाने पानभर गिचमिड केली होती, एक मुद्दा धड नाही. दोन गुण, तेही दया म्हणून. मीच दिले, दुसऱ्या कोणाला बोल लावत नाही.

पेपर वाटून झाल्यावर तासाची दहा मिनिटं उरली. मी फळ्यावर लिहिलं: 14 जुलै 1789 रोजी पॅरिसच्या जमावाने बॅस्टिल हा किल्लेवजा तुरुंग ताब्यात घेतला. त्या दिवशी फ्रान्सचा राजा सोळावा लुई याने रोजनिशीत एवढंच लिहिलं, 'काही नाही'. यावरून काय म्हणता येईल?

"राजा बेजबाबदार होता," पाच गुणवाली म्हणाली. अर्ध्या वर्गाने माना डोलावल्या. मागून आवाज आला, "बाई, पण ती वही कसली होती?"

मी क्षणभर गप्पच झाले. सगळी मेख तिथेच तर आहे. त्या वहीत राजा मुख्यतः शिकारीचा हिशेब ठेवायचा. 'काही नाही' म्हणजे आज शिकार नाही. हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग त्यावरून राजाला कळलं होतं की नव्हतं, काहीच ठरत नाही." मला चेव आला. म्हटलं, बॅस्टिलमध्ये त्या दिवशी कैदी होते फक्त 7. सात जणांसाठी एवढा जमाव कशाला? आणि सकाळीच लोकांनी दुसऱ्या ठिकाणाहून हजारो बंदुका उचलल्या होत्या. तो ओरडला, "दारू!" वर्ग खिदळला. "बंदुकीची रे!" अगदी बरोबर. ती बॅस्टिलमध्ये साठवलेली होती.

सॅम वाइनबर्ग या अमेरिकी शिक्षणसंशोधकाने 1991 साली इतिहासकारांना आणि शाळकरी मुलांना तेच ते जुने कागद वाचायला दिले होते. इतिहासकार आधी बघत, कोणी लिहिलंय, कधी, कशासाठी. मुलं पहिल्या ओळीपासून वाचायला लागत. माझ्या दोन गुणवाल्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. मीही नाही.

सहामाहीला मी त्याच धर्तीचा प्रश्न पाच गुणांना घातला. आमच्या विषयप्रमुख सरांनी लाल पेनाने खोडला. "याचं उत्तर पुस्तकात कुठाय?" मी वाद घातला, तर म्हणाले, "प्रत्येक तपासणारा वेगळे गुण देईल. पालकांना काय तोंड दाखवायचं?" त्याजागी आलं: बॅस्टिलचा पाडाव ____ साली झाला.

त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे. स्टार्च आणि इलियट या दोघा अमेरिकी संशोधकांनी 1913 सालीच इतिहासाची एक उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांकडून तपासून घेतली, आणि गुणांत प्रचंड तफावत निघाली. ती उत्तरपत्रिका साध्या, नेहमीच्या परीक्षेतली होती! म्हणजे सर, रोग माझ्या प्रश्नाला नव्हता, आपल्या तपासणीला होता. गुण कशाला द्यायचे ते आधी लिहून ठेवायचं: कागद कसला हे विचारलं, एक. इतर माहितीशी ताडून पाहिलं, दोन. किती ठामपणे बोलता येईल हे ओळखलं, दोन. मग दोन शिक्षकांनी त्याच दहा उत्तरपत्रिका वेगवेगळ्या तपासायच्या आणि जिथे फरक पडेल तिथे भांडायचं. तासाभराचं काम आहे.

तुम्ही विचारलेल्या बाकीच्या पद्धतींचं पटकन सांगते. भूगोलाला समोच्चरेषांचा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचा) कोरा नकाशा द्या आणि विचारा, गाव कुठे वसवाल, का? व्याख्या विचारू नका. नागरिकशास्त्राला एखादा नियम द्या, तो कोणाला जाचेल ते विचारा. तास संपताना एका ओळीची चिठ्ठी घ्या, 'आज काय कळलं नाही?' प्रकल्पवह्यांवर माझा काडीचा विश्वास नाही, त्यात पालकांचंच मूल्यमापन होतं. वहीत शेरा लिहिणार असाल तर शेजारी गुण लिहू नका. शिक्षणसंशोधक रूथ बटलर यांच्या 1988 च्या प्रयोगात नुसता शेरा मिळालेली मुलं सुधारली. शेरा आणि गुण दोन्ही मिळालेली नाही.

आता थोडं सरांच्या बाजूने. साठ मुलांच्या वर्गात हे दर आठवड्याला जमत नाही, मला महिन्यातून एकदा जमलं तरी खूप. तोंडी प्रश्नांत बोलकी मुलं भाव खाऊन जातात, म्हणून आधी प्रत्येकाला दोन ओळी लिहायला लावते. आणि सनावळ्या लागतातच. 1789 माहीत नसेल तर मूल विचार कशाचा करणार? रिकाम्या जागा असू देत, फक्त अख्खा पेपर त्यांचा नको. शिवाय ती पाच गुणवाली ढ नव्हती. पुढच्या वेळी कागद हातात पडताच तिने पहिला प्रश्न केला, "बाई, हे कोणी लिहिलंय?" शिकवलं की येतं.

त्या मुलाचे दोन गुण मात्र मी वाढवले नाहीत. गुणपत्रक वर गेलं होतं, आणि सरांकडे पुन्हा जायची माझी छाती झाली नाही.